बावन्न लाखांचे घर

बडोद्यातील दांडिया बाजारात ज्या वाड्यात आमच्या थोरल्या भगिनीने बेचाळीस वर्षे संसार केला, तो वाडा गेल्या वर्षी विकला गेला. मालकांचे वारस तीन गावी विखुरलेले. त्यांनी एकविचाराने निर्णय घेतला आणि भाडेकरूंना एक वर्षाची मुदत दिली. यात त्यांना बोल लावावा असे काही नाही. सोप्याचे खांब वाळवीने पोखरले होते, मागच्या भिंतीला टेकू होता, आणि भाडे इतके जुने होते की ते वसूल करावयास येण्याचा रिक्षाखर्चही त्यातून सुटला नसता. तथापि मुदत ती मुदतच. ताई, आमचा भाचा, भाचेसून आणि चौथीत शिकणारी नात अशा चौघांना वर्षाच्या आत नवे छप्पर शोधणे प्राप्त झाले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा प्रसंग येऊन गेला असेल किंवा यावयाचा असेल. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या कारभाराबरोबर आपले पूर्वज ज्या ज्या नगरांत येऊन राहिले, तेथील जुने वाडे आता एकामागून एक उतरत आहेत. म्हणून भाच्याच्या घरखरेदीची हकीकत या वेळी जरा सविस्तर सांगावी असे आम्ही ठरविले.

एका रविवारी सकाळीच भाचा आणि सूनबाई आमच्याकडे आली. हातात एक कागद होता आणि चेहऱ्यावर आनंद. "मामा, घर मिळालं. टेनामेंट आहे, बावन्न लाखांचं. दलाल म्हणतो, मंगळवारपर्यंत लाखाचा बाना दिला तर ठेवतो, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करावयास हवा. गुजरातेत टेनामेंट म्हणजे सोसायटीतील बैठे किंवा दुमजली घर; बहुधा ते शेजारच्या घराच्या भिंतीला भिंत लावून रांगेत बांधलेले असते. बाना म्हणजे विसार, आणि त्याच्या कराराला बानाखत म्हणतात. सदर घर विश्वामित्रीच्या पलीकडे, रांगेच्या मधोमध, पंधरा वर्षांपूर्वी बांधलेले. जागा चौदा फूट रुंद व पंचेचाळीस फूट खोल, म्हणजे ६३० चौरस फूट. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि शौचालय, वर दोन खोल्या आणि न्हाणीघर, त्यावर गच्ची.

भाच्याचा हिशेब एका ओळीचा होता. घर ५२ लाख, बँकेचे कर्ज ४० लाख, पदरचे १२ लाख. उभयतांनी तेरा वर्षांत पोटाला चिमटा घेऊन तेरा लाख जमविले होते. म्हणजे बारा देऊन एक लाख शिल्लक!

आम्ही कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागलो. गुजरातेत मुद्रांक शुल्क अधिभारासह ४.९ टक्के पडते. ते सरकारी जंत्रीचा भाव आणि दस्तातील किंमत यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर आकारतात. एप्रिल २०२३ मध्ये जमिनीचे जंत्रीचे दर दुप्पट करण्यात आले. तेव्हा दस्तात किंमत कमी दाखवू म्हणणाऱ्यांची वाट अरुंद झाली आहे, आणि मुळात ती वाट धरण्याजोगी नव्हतीच. शुल्काचे झाले २,५४,८०० रुपये. नोंदणी फी एक टक्का, ५२,००० रुपये. दलालाची दलाली एक टक्का, आणखी ५२,०००. वकिलाची कागदपत्र तपासणी आणि बँकेचे किरकोळ आकार मिळून ४०,०००. गच्चीची गळती, विजेच्या जुन्या तारा, न्हाणीघर आणि रंग यांसाठी निदान ३ लाख. बेरीज ६,९८,८०० रुपये. बावन्न लाखांचे घर राहावयास जाईपर्यंत एकोणसाठ लाखांना पडत होते.

"मग कर्ज वाढवू," भाचा म्हणाला. परंतु तेही हवे तितके वाढत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांवरील आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक मिळत नाही, आणि मुद्रांक व नोंदणी यांचा खर्च त्या किमतीत धरीत नाहीत. ताणून ताणून एक लाख साठ हजार अधिक मिळाले असते आणि हप्ता तेवढा वाढला असता. पदरचे लागत होते एकोणीस लाख. जवळ होते तेरा.

सूनबाई कागदाकडे पाहत राहिल्या. भाचा हळू आवाजात म्हणाला, "आईची सहा लाखांची ठेव आहे."

एकोणीस वजा तेरा म्हणजे बरोबर सहा. वाचकहो, संसारातील पुष्कळशा हिशेबांची वजाबाकी अशीच घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या ठेवीपाशी येऊन थांबते. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. फक्त एवढेच म्हणालो, "मंगळवारपूर्वी घर आम्हांला दाखव."

जाण्यापूर्वी हप्त्याचा हिशेबही मांडला. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेतले तर लाखामागे महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता येतो. चाळीस लाखांचे ३४,७०० रुपये. वीस वर्षांत एकूण फेड ८३ लाखांवर, म्हणजे व्याजच ४३ लाख. तसेच घर त्या भागात भाड्याने घेतले तर पंधरा हजारांच्या आत मिळत होते. निव्वळ आकड्यांनी पाहिले तर भाड्याचे घर घ्यावे आणि उरलेले वीस हजार दरमहा बाजूस टाकावेत, हेच शहाणपणाचे दिसते. भाच्याला आम्ही तसे सांगितलेही. परंतु अकरा महिन्यांचे करार, दर वेळी भाडेवाढ, आणि मालकाच्या मनास येईल तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या आईला घेऊन पुन्हा बिऱ्हाड हलविणे, याचाही काही भाव धरावा लागतो. तो कोणत्याही कोष्टकात लिहिलेला नसतो. शिवाय दरमहा वीस हजार नेमाने बाजूस टाकणारी माणसे आम्ही फार पाहिलेली नाहीत. हप्ता चुकविता येत नाही, म्हणूनच अनेकांचे घर होते.

सोमवारी दुपारी बारा वाजता आम्ही आणि आमच्या सौ. घर पाहावयास गेलो. घर भर दुपारी पाहावे, एकदा रात्री पाहावे आणि जमल्यास पावसात पाहावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळीच घरे चांगली दिसतात.

प्रथम गुण सांगतो, कारण ते होते. पायाखालची जमीन आपली. दाराशी तुळस ठेवण्यापुरते अंगण. लिफ्टचा खर्च नाही, बंद पडण्याची धास्ती नाही. गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत घालावेत, कोणास विचारावयास नको. गौरी-गणपतीला चाळीस माणसे आली तरी वर-खाली सामावून जातील. फ्लॅटमध्ये हे सुख नाही.

आता दोष. घराचे दोष दोन प्रकारचे असतात: पैशाने जाणारे आणि पैशाने न जाणारे. पहिल्या प्रकारचे दोष किमतीत मिळवावेत आणि मालकाशी घासाघीस करावी. दुसऱ्या प्रकारचे दोष मात्र आपल्याला आणि आपल्या माणसांना जन्मभर सोसतील काय, एवढेच विचारावे. त्यांच्यासाठी दोन लाख कमी करून घेण्यात अर्थ नसतो.

गच्ची गळत होती. हा पैशाने जाणारा दोष. वरच्या खोल्या उन्हाने भाजत होत्या. बडोद्याचा उन्हाळा बेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि वरचा स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला राहतो. त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, ज्याला येथे चायना मोझेक म्हणतात, बसविली की ताप बराच उतरतो. हाही पैशाने जाणारा. मधल्या जिन्यापाशी मात्र भर दुपारी दिवा लावावा लागत होता. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. खिडक्या पुढे आणि मागे एवढ्याच. रांगेतील मधल्या घराचा हा जन्मजात दोष, त्याला औषध नाही. भिंतीपलीकडच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आम्ही बसल्या जागी मोजल्या. उद्या त्या भिंतीत ओल आली तर शेजाऱ्याच्या संमतीवाचून तिचे मूळ सापडावयाचे नाही. दलाल म्हणाला, पुढे वर एक मजला चढविता येईल. परंतु पाया किती मजल्यांचा आहे आणि महापालिकेची परवानगी मिळते काय, हे त्यास ठाऊक नव्हते. ज्या मजल्याला पाया नाही आणि परवानगी नाही, त्याचे पैसे आज मोजू नयेत.

जिना अडीच फूट रुंद, सोळा पायऱ्या, प्रत्येक पायरी आठ इंच उंच. आमच्या सौ. दोनदा चढल्या-उतरल्या आणि खाली येऊन गुडघ्याला हात लावून म्हणाल्या, "ताईंना रोज अंघोळीसाठी वर जावं लागेल." खाली न्हाणीघर काढावयाचे तर स्वयंपाकघर आक्रसते.

मागील स्वयंपाकघर मंजूर नकाशात नव्हतेच. तेथे मोकळी जागा दाखविली होती. मालकांनी ती झाकून घेतली होती. अशी बांधकामे शुल्क भरून नियमित करून घेण्याचा कायदा गुजरातेत २०२२ मध्ये झाला. आम्ही त्याचा आदेश आणि पावती मागितली, ती मिळाली नाही. कागद मागण्यात संकोच करू नये. मंजूर नकाशा, वापर परवानगी म्हणजे ज्याला येथे बी.यू. म्हणतात ती, मागील सर्व खरेदीखते, बोजा नसल्याचा शोध, घरपट्टीची पावती आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला, एवढे तरी वकिलाच्या डोळ्यांखालून गेलेच पाहिजे. बडोद्याच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा लागू आहे. तेथे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज खरेदी होत नाही, आणि त्यास वेळ लागतो. किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने मालकाच्या पैशातून एक टक्का प्राप्तिकर कापून सरकारात भरावयाचा असतो, हेही पुष्कळांना दस्ताच्या दिवशी कळते. नवे घर बांधकाम चालू असता घेतले तर वस्तू व सेवा कर पाच टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर एक टक्का; पुरे झालेल्या आणि जुन्या घराला तो नाही. अन्य राज्यांत शुल्काचे दर निराळे आहेत, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी आमचे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. रीत तेवढी घ्यावी.

हे सर्व पाहून आम्ही बैठकीच्या खोलीत टेकलो, आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. खोलीतील विजेचे सगळे प्लग जमिनीपासून साडेचार फुटांवर होते. फ्रिज दोन फूट उंच विटांच्या ओट्यावर होता. भिंतींना छातीपर्यंत फरशी बसविलेली होती. आम्ही कारण विचारले. दलाल म्हणाला, "हल्ली अशीच पद्धत आहे." मालक काही बोलले नाहीत.

निघताना रांगेतल्या एका वृद्ध गुजराती बाईंना आम्ही नमस्कार केला आणि सरळ विचारले, पाणी येते काय? त्यांनी प्रथम गुडघ्याला हात लावला आणि म्हणाल्या, २०१९. मग छातीला हात लावून म्हणाल्या, २०२४.

बडोदेकरांना अधिक सांगावयास नको. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी पस्तीस फुटांवर गेले. धोक्याची पातळी सव्वीस फुटांची. रस्त्यांवरून मगरी हिंडल्या. ती मंडळी दोन रात्री गच्चीवर होती. पुराचा विमा उतरविता येतो आणि घर कोठेही असो, तो जरूर उतरवावा. परंतु विमा फ्रिजची किंमत देतो. रात्री दोन वाजता दुखऱ्या गुडघ्यांच्या आईला वर उचलून नेत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही वाड्यावर गेलो. ताईंनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अरे, मी चढेन वर. हळूहळू चढेन. आणि माझे पैसे काय मी बरोबर नेणार आहे? नातीच्या डोक्यावर छप्पर होतंय, एवढं पुरे झालं."

यावर उत्तर देणे सोपे नव्हते. आईने दिलेले नाकारणारे आपण कोण? परंतु ते सहा लाख आमच्या मेहुण्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून शिल्लक राहिलेले. त्यांचे व्याज महिना साडेतीन हजारांच्या आसपास येते. त्यातून ताईंची रक्तदाबाची औषधे येतात, भजनी मंडळाची वर्गणी जाते, नातीला वाढदिवसाचा फ्रॉक येतो. ती ठेव भिंतीत गेली की उद्या औषधासाठी मुलाकडे मागावे लागेल. मुलगा देईल, आनंदाने देईल. पण मागावे लागेल. आम्ही भाच्याला ताईंसमक्षच सांगितले, "म्हातारपणीचा पैसा घराच्या किमतीत धरू नये. तो धरल्यावाचून घर होत नसेल, तर ते घर आपल्या ऐपतीचे नाही."

ताई आमच्यावर रागावल्या. मंगळवारी भाच्याने दलालाला नकार कळविला, आणि पुढचे पंधरा दिवस तोही आमच्याशी बेताचेच बोलत होता. आम्हांस याचे वाईट वाटले नाही असे नव्हे. वाड्याची मुदत सरत चालली होती, आणि सल्ला देणाऱ्याचे काय जाते, असे कोणी म्हटले असते तर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पाच महिन्यांनी दुसरे घर मिळाले. शहराच्या दुसऱ्या टोकास, उंचवट्यावर, रांगेच्या शेवटचे, म्हणून तीन बाजूंनी उजेड. बैठे, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सर्व एका पातळीवर. किंमत ४४ लाख. कर्ज ३४ लाख, हप्ता २९,५०० रुपये, म्हणजे आधीच्यापेक्षा पाच हजारांनी कमी. पदरचे दहा लाख, मुद्रांक २,१५,६००, दलाली ४४,०००, वकील व बँक ३५,०००; एकूण १२,९४,६००. तेरा लाखांतून ५,४०० रुपये उरले, त्यात वास्तुशांत झाली. ताईंची ठेव जागची हलली नाही.

नोंदणी फी या यादीत नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. गुजरातेत खरेदीदार केवळ स्त्री असेल तर ती फी माफ आहे. ४४,००० रुपयांचा प्रश्न होता. भाचा संकोचत होता. आई काय म्हणेल? ताईच म्हणाल्या, "सुनेच्या नावावर करा. घर तिचंच आहे, कागदावरही असू दे." सूनबाई शिक्षिका आहेत, हप्त्याचा मोठा भाग त्यांच्या पगारातून जातो. घरात भाच्याचे नाव नसल्याने त्याला व्याजावरील प्राप्तिकराची सवलत मागता येणार नाही, ही गोष्ट मात्र जाणून घेऊनच निर्णय केला.

या घरालाही दोष आहेत. पश्चिमेचे दार, दुपारी ओटी तापते. तिघींना एका खोलीत निजावे लागते आणि भाचा बाहेरच्या खोलीत पथारी टाकतो. सूनबाईंना शाळेसाठी दोनदा वाहन बदलावे लागते. रंग दोन वर्षे काढता येणार नाही. आणि सर्वांत मोठा दोष असा की रांगेत एकही मराठी घर नाही. भजनी मंडळ दांडिया बाजारात राहिले. ताई गुरुवारी रिक्षाने जातात, त्यांच्या स्वतःच्या व्याजाच्या पैशांनी.

"घर पाहावे बांधून" असे आपले वाडवडील म्हणत. आपण बांधलेले विकत घेतो, म्हणून आपल्याला आधी नीट पाहावे लागते. किमतीत सगळे खर्च धरावेत, दोषांची दोन प्रकारांत वाटणी करावी, पाण्याची खूण शेजाऱ्यास विचारावी, आणि कोणाच्याही मंगळवारासाठी आपला निर्णय घाईने करू नये.

यंदा पहिला मोठा पाऊस रात्री झाला. साडेअकरा वाजता भाच्याचा फोन आला. आमच्या छातीत धस्स झाले. तो म्हणाला, "मामा, काळजी नको म्हणून फोन केला. रस्त्यावर पाणी आहे, पण पहिल्या पायरीच्या खालीच आहे. आई झोपली आहे."